तुटलेल्या हातांची नोंद ठेवणारा कॉन्सल : रॉजर केसमेंट

जुनी वही

बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते, आज बसलेच. तुमच्यापैकी काहींनी तो फोटो पाहिला असेल, काँगोमधला एक माणूस ओट्यावर बसलाय आणि समोर ठेवलेल्या इवल्याशा हाताकडे आणि पावलाकडे बघतोय. ते त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचे. १९०४ सालचा फोटो, अ‍ॅलिस हॅरिस नावाच्या मिशनरी बाईंनी काढलेला. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा पोटात खड्डाच पडला आणि मग हे सगळं जगाला सांगितलं कोणी, हे शोधत गेले तेव्हा रॉजर केसमेंट हा माणूस सापडला. ब्रिटिश सरकारचा कॉन्सल. त्याच सरकारने त्याला आधी 'सर' केलं आणि पाच वर्षांत फाशी दिलं.

थोडं आधीचं. जन्म १८६४, डब्लिनजवळ सँडिकोव्ह. आईवडील लहानपणीच गेले, मग अँट्रिममधल्या नातेवाइकांकडे वाढला. शिक्षण बेताचंच, पंधरा-सोळाव्या वर्षी लिव्हरपूलला एल्डर डेम्प्स्टर या जहाज कंपनीत कारकून म्हणून लागला आणि विशीच्या आत आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. सुरुवातीला तो बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्याच लोकांसाठी काँगोत काम करत होता, म्हणजे रस्ते, वाहतूक, हमालांचे तांडे असली कामं, त्यामुळे तो भाग त्याला पायाखालचा होता. १८९० मध्ये मताडीला त्याची जोसेफ कॉनराडशी गाठ पडली, दोघं काही दिवस एकत्र राहिले. तेव्हा कॉनराड लेखक झालेला नव्हता, बोटीवर नोकरीला आला होता.

पुढे तो ब्रिटिश कॉन्सल झाला. लॉरेन्सो मार्किश, लुआंडा, मग काँगो. इथे एक गोष्ट समजून घ्या, त्या काळी राजदूत वेगळे आणि कॉन्सल वेगळे. राजदूत मोठ्या घराण्यातले, राजधानीत मेजवान्या. कॉन्सल म्हणजे बंदरावरचा माणूस, दारू पिऊन पडलेल्या खलाशांना सोडवायचं, मेलेल्या प्रवाशाची ट्रंक घरी पाठवायची, किती जहाजं आली किती गेली याचे तक्ते भरायचे. दोन्ही खाती एकत्र झाली थेट १९४३ ला. पण मला वाटतं या तक्ते भरण्याच्या कामानेच त्याला घडवलं. नोंद ठेवायची, मोजायचं, विचारायचं आणि लगेच लिहून काढायचं.

काँगो तेव्हा बेल्जियमची वसाहत नव्हती, लिओपोल्ड राजाची खाजगी मालमत्ता होती. १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं (बेलफास्टमध्ये बरं का, म्हणजे केसमेंट वाढला त्याच मुलखात) आणि रबराला सोन्याचा भाव आला. काँगोच्या जंगलात रबराच्या वेली होत्या. गावागावाला रबराचा कोटा ठरवून दिला, नाही भरला तर शिपाई यायचे. शिपायांना काडतुसं मोजून दिली जायची आणि प्रत्येक उडवलेल्या काडतुसाबद्दल एक उजवा हात आणून दाखवायचा, म्हणजे गोळी शिकारीत वाया घालवली नाही याचा पुरावा! मग एखाद्याने शिकार केलीच, तर तो जिवंत माणसाचा हात तोडून हिशोब पुरा करायचा.

ब्रिटिश पार्लमेंटात मे १९०३ मध्ये यावर ठराव झाला आणि केसमेंटला तार आली की आत जाऊन बघ. जूनमध्ये तो निघाला. सरकारी बोटीतून गेलो तर सरकार दाखवेल तेवढंच दिसेल हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्याने अमेरिकन बाप्टिस्ट मिशनची 'हेन्री रीड' नावाची छोटी आगबोट भाड्याने घेतली. हा एक निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो. बोट स्वतःची असल्यामुळे कुठे थांबायचं, कोणाशी बोलायचं, रात्री कुठे मुक्काम करायचा हे सगळं त्याच्या हातात राहिलं.

सोळा वर्षांपूर्वी त्याने हाच भाग पाहिलेला होता. तेव्हाची गजबजलेली गावं आता उजाड, पाहिलेल्या घरांच्या जागी गवत माजलेलं. मंटुम्बा तळ्याच्या बाजूला पळून आलेले लोक त्याला भेटले. त्यांनी सांगितलं की आम्ही म्हणालो, आता जंगलात रबर उरलं नाही, आम्हाला सोडा, तर गोऱ्यांनी सांगितलं की चला निघा, तुम्ही नुसते 'न्यामा' आहात. न्यामा म्हणजे जनावर, मांस. केसमेंटने तो शब्द तसाच, त्यांच्या भाषेतला, रिपोर्टात ठेवला. मोंबोयो नदीवर सहा महिन्यांत सहा हजार काडतुसं वापरली गेल्याचं त्याला एकाने सांगितलं, तेही आकड्यासकट लिहिलं, आणि पुढे हेही की मेलेले त्याहून जास्त, कारण लहान मुलांना शिपाई बंदुकीच्या दस्त्याने मारतात.

उरलेलं खाली लिहिते, खूप मोठं होतंय.

कोकणकडा

वाचतोय ताई, थांबू नका. रबराचा कोटा वगैरे ऐकून होतो पण काडतुसाचा हिशोब माहीत नव्हता. अंगावर काटा आला. एक शंका, एका कॉन्सलच्या रिपोर्टने राजाचं काय बिघडलं? असे रिपोर्ट तर धूळ खात पडतात.

जुनी वही

पडले असते, पण दोन गोष्टी घडल्या.

रिपोर्ट त्याने डिसेंबर १९०३ मध्ये लंडनला बसून लिहून दिला, फेब्रुवारी १९०४ मध्ये छापून आला. परराष्ट्रमंत्री लॉर्ड लॅन्सडाउन, हेच आधी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. छापताना खात्याने काय केलं, तर सगळी नावं काढून टाकली. गावाचं नाव, शिपायाचं नाव, हात तुटलेल्याचं नाव, सगळ्याच्या जागी एबीसीडीची अक्षरं. केसमेंट प्रचंड संतापला आणि बरोबरच होतं त्याचं. सगळी ताकद नावातच होती. अमुक गावचा अमुक मुलगा म्हटलं की तो मुलगा डोळ्यासमोर उभा राहतो, 'क्ष' म्हटलं की उरते नुसती फाइल.

त्यातला एक मुलगा म्हणजे एपोंडो. बोसुंगुमा गावचा, डावा हात तुटलेला. केसमेंट स्वतः त्या गावात गेला, गावकऱ्यांना जमवलं, ज्याच्यावर आरोप होता त्या केलेंगो नावाच्या पहारेकऱ्याला समोर उभं केलं आणि सगळ्यांसमोर विचारलं. मुलाने बोट दाखवलं, गावाने दुजोरा दिला. केसमेंटची पाठ वळल्यावर काँगो सरकारने त्याच मुलाचा परत जबाब घेतला आणि आता तो म्हणतो की हात रानडुकराने चावून तोडला! मग लिओपोल्डची माणसं युरोपभर सांगत सुटली की बघा, कॉन्सल कसा फसला.

दुसरी गोष्ट म्हणजे मोरेल. ई. डी. मोरेल, तोही एल्डर डेम्प्स्टरचाच कारकून, कामासाठी अँटवर्पला जायचा. धक्क्यावर त्याच्या लक्षात आलं की काँगोहून जहाजं रबर आणि हस्तिदंताने भरून येतात आणि जाताना त्यात व्यापाराचा माल जवळपास नसतोच, असतात बंदुका आणि काडतुसं. मग रबराचे पैसे देतात कशात? देतच नाहीत. म्हणजे वेठबिगार. एकाने बंदरातल्या वह्यांवरून ओळखलं, दुसऱ्याने जंगलात जाऊन पाहिलं. दोघं डिसेंबर १९०३ मध्ये भेटले, रात्र सरेपर्यंत बोलत बसले आणि मार्च १९०४ मध्ये काँगो रिफॉर्म असोसिएशन उभी राहिली. केसमेंट नोकरीत असल्यामुळे उघड नाव देऊ शकत नव्हता, पण १०० पौंड दिले, त्याच्या पगाराच्या मानाने मोठीच रक्कम. शेवटी लिओपोल्डला स्वतःच चौकशी आयोग नेमावा लागला, त्या आयोगानेही मुख्य गोष्टी खऱ्या ठरवल्या आणि १९०८ मध्ये राजाच्या हातून काँगो गेला, बेल्जियमच्या सरकारकडे. सगळं सुधारलं असं म्हणणार नाही मी, पण हात तोडायचा तो हिशोब थांबला.

शिरस्तेदार

महसूल खात्यात तीस वर्षं काढली, त्यामुळे वाचताना वेगळंच जाणवलं. हा माणूस पंचनामा करत होता. जागेवर जायचं, पंच गोळा करायचे, फिर्यादी आणि आरोपी समोरासमोर, मोजमाप घ्यायचं, ऐकीव काय आणि स्वतः पाहिलेलं काय हे वेगवेगळं लिहायचं. आणि नंतर साक्षीदार फिरवणं हेही तसंच, गावात साहेब असेपर्यंत सगळे बोलतात, साहेबाची जीप वळली की रात्रीत जबाब बदलतो. मी हे डोळ्याने पाहिलेलं आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी, भाषा येत नाही, दुभाष्यामार्फत बोलायचं, ताप अंगात, आणि तरी दप्तर इतकं पक्कं की लिओपोल्डला आयोग नेमावा लागला. सलाम आहे.

रातराणी

अ‍ॅमेझॉनचं पण लिहा ना. पुटुमायोबद्दल एकदा वाचलं होतं, तोच का हा?

जुनी वही

हो तोच. काँगोनंतर त्याला ब्राझीलमध्ये टाकलं, सँतोस, पारा, मग रिओला कॉन्सल जनरल. तिथे परत खलाशी आणि कॉफीची पोती, फार वैतागलेला होता. १९०९ मध्ये वॉल्टर हार्डनबर्ग या अमेरिकन इंजिनिअरने लंडनच्या 'ट्रुथ' साप्ताहिकातून पुटुमायोची हकिगत बाहेर आणली. पुटुमायो म्हणजे पेरू आणि कोलंबियाच्या मधला जंगलपट्टा. तिथे हुलियो सेसार अराना या रबर व्यापाऱ्याचं राज्य. हुइतोतो, बोरा, अंदोके अशा जमातींना पकडून रबर गोळा करायला लावायचे, वजन कमी भरलं की चाबूक. पाठीवर, मांड्यांवर इतके वळ की लोक त्याला 'अरानाचा शिक्का' म्हणायचे.

आता हे पेरूच्या हद्दीत, इंग्रज सरकारचा संबंध काय? तर कंपनी १९०७ मध्ये लंडनला रजिस्टर झालेली, डायरेक्टर इंग्रज, भांडवल लंडनचं. आणि मुकादम म्हणून बार्बाडोसहून आणलेले काळे मजूर, म्हणजे कागदोपत्री ब्रिटिश प्रजा. 'आमच्या प्रजेची विचारपूस करायला आलोय' हे निमित्त करून केसमेंट १९१० मध्ये आत शिरला. तीस बार्बाडोसकरांचे जबाब घेतले. हे लोक स्वतः चाबूक मारणारे होते, कंपनीने कर्जात अडकवून ठेवलेले, आणि त्याने त्यांना समोर बसवून स्वतःच्या तोंडाने कबूल करायला लावलं की हो, मी मारलं, अमक्याच्या हुकमावरून मारलं. ला चोरेरा, एल एन्कांतो, एकेका ठाण्यावर गेला, खोड्यात पाय अडकवायची भोकं किती अरुंद आहेत ते पाहिलं, पोरांच्या पाठीवरची रबराची ओझी तराजूत घालून वजनं लिहिली, फोटो काढले. कंपनीची माणसं टेबलावर समोर जेवायला बसलेली आणि हा रात्री खोलीत जाऊन पानंच्या पानं लिहितोय. कधीही गोळी घातली असती आणि तापाने मेला म्हणून कळवलं असतं.

१९११ मध्ये 'सर' किताब मिळाला, १९१२ मध्ये रिपोर्ट छापला, मग पार्लमेंटची कमिटी बसली आणि तिने इंग्रज डायरेक्टरांच्या बेपर्वाईवर ठपका ठेवला. कंपनी बुडाली. अरानाला मात्र काही झालं नाही, पुढे तो पेरूत सिनेटर झाला आणि १९५२ पर्यंत जगला. याचा मला अजूनही राग येतो.

रातराणी

एक मात्र खटकतं मला. त्याने तिथून दोन मुलं लंडनला आणली होती ना, ओमारिनो आणि आरेदोमी? लोकांना दाखवायला म्हणून? चांगल्या हेतूने केलं तरी माणसं दाखवायला आणणं बरं नाही वाटत.

जुनी वही

खटकायलाच पाहिजे. ओमारिनो तर एक शर्ट आणि पँट देऊन घेतलेला, हे केसमेंटनेच लिहून ठेवलंय. त्याचा विचार असा की लंडनच्या लोकांनी ही माणसं प्रत्यक्ष पाहिली तर पैसे जमतील, मिशन काढता येईल. चित्रकार रोथेन्स्टाइनने त्यांचं चित्र काढलं. पण लंडनमध्ये दोन महिने पाहुण्यांसमोर उभं राहणं त्या मुलांना कसं वाटलं असेल? १९११ च्या ऑगस्टमध्ये तो परत निघाला तेव्हा त्यांनाही घेऊन गेला. त्याचा काळ त्याच्यातही होताच, हे झाकायचं नाही मला.

डब्लिनकर

ताई, गेली अकरा वर्षं इकडे आहे. इकडे केसमेंट म्हटलं की काँगो नंतर येतो, आधी बॅना स्ट्रँडचा किनारा येतो. मागच्या उन्हाळ्यात मुलांना घेऊन केरीला गेलो होतो. अफाट किनारा आहे, मैलोन्मैल वाळू, मागे वाळूच्या टेकड्या आणि सतत वारा. तिथे त्याचं आणि त्याच्याबरोबर उतरलेल्या मॉन्टीथचं स्मारक आहे.

झालं असं की १९१३ मध्ये त्याने नोकरी सोडली आणि आयर्लंडच्या स्वातंत्र्याच्या कामात पूर्ण उतरला. महायुद्ध सुरू झाल्यावर अमेरिकेतून नॉर्वेमार्गे जर्मनीला गेला. हिशोब सरळ, इंग्लंडचा शत्रू तो आमचा मित्र. जर्मनांच्या कैदेत असलेल्या आयरिश सैनिकांची ब्रिगेड उभारायची असा बेत होता पण लिम्बुर्गच्या छावणीत दोनेक हजार आयरिश कैद्यांमधून जेमतेम पन्नास-पंचावन्न तयार झाले, बाकीच्यांनी हुर्यो उडवली. शेवटी जर्मनांनी २०,००० बंदुका एका जहाजातून पाठवल्या, पण जहाज इंग्रजांनी गाठलं आणि कप्तानाने ते कॉर्कजवळ स्वतःच बुडवलं. केसमेंट पाणबुडीतून आला, यू-१९. त्याला कळून चुकलं होतं की जर्मन फौज येणार नाही आणि आयर्लंडमध्ये इंग्रजांविरुद्ध ठरलेला उठाव केला तर पोरं फुकट मरतील, म्हणून तो उठाव थांबवायला, निदान लांबवायला येत होता हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

२१ एप्रिल १९१६, गुड फ्रायडेची पहाट. घडीची होडी लाटांत उलटली, तिघं भिजून किनाऱ्याला लागले. त्याने नंतर तुरुंगातून बहिणीला लिहिलेलं पत्र आहे, त्यात म्हणतो की वाळूच्या टेकड्यांवर चंडोल पक्षी गात होते आणि किती तरी काळानंतर थोडा वेळ मी आनंदात होतो. काही तासांत जवळच्या एका जुन्या मातीच्या गढीत लपलेला असताना पकडला गेला. आणि त्याच्या सामानातून निघालं काय, तर बर्लिन ते विल्हेल्म्सहाफेनचं रेल्वेचं तिकीट. खटल्यात ते पुरावा म्हणून आलं. तीन दिवसांनी डब्लिनमध्ये ईस्टर उठाव झालाच.

शिरस्तेदार

थोडं कडू बोलतो, राग मानू नका. काँगोसाठी सलाम केला तो कायम आहे. पण ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी असं? वीस वर्षं सरकारची नोकरी, किताब घेतला, पेन्शन घेतली, आणि युद्ध चालू असताना शत्रूच्या दारात. त्याच वेळी लाखावर आयरिश मुलं ब्रिटिश पलटणीत खंदकांत लढत होती. कैदेत उपाशी असलेल्या सैनिकाला येऊन सांगायचं की बाजू बदल, हे मला पटत नाही.

अ‍ॅड काळाकोट

शिरस्तेदार साहेब, तुमचा मुद्दा खटल्यात सरकारी वकिलानेही मांडला होता, पेन्शनसकट. आणि हा खटला आम्हा वकील मंडळींत प्रसिद्ध आहे. आरोप राजद्रोहाचा, कायदा १३५१ सालचा, जुन्या नॉर्मन फ्रेंचमध्ये लिहिलेला आणि त्यात विरामचिन्हं नाहीत. कायद्यात म्हटलंय की राज्यात राजाच्या शत्रूंना सामील होणे, त्यांना राज्यात 'किंवा अन्यत्र' मदत देणे. बचावाचं म्हणणं, केसमेंटने जे केलं ते जर्मनीत, राज्याबाहेर, म्हणून गुन्हा बसत नाही. सरकारचं म्हणणं, 'किंवा अन्यत्र' हे संपूर्ण वाक्याला लागू. म्हणजे वाक्यात कुठे थांबायचं यावर माणसाचा गळा. अपिलातल्या दोन न्यायमूर्तींनी मूळ चर्मपत्र जाऊन पाहिलं की तिथे काही खूण आहे का! म्हणून म्हणतात की तो एका स्वल्पविरामावर फाशी गेला. ज्यूरीने तासाभराच्या आत दोषी ठरवलं.

आता आपल्याला जवळची गोष्ट. खटला चालवणारे सरन्यायाधीश लॉर्ड रीडिंग, हेच १९२१ ते १९२६ हिंदुस्थानचे व्हाइसरॉय, गांधीजींना १९२२ मध्ये शिक्षा झाली ती यांच्याच कारकिर्दीत. आणि सरकारी वकील एफ. ई. स्मिथ, हेच पुढे लॉर्ड बर्कनहेड झाले, १९२४ ते १९२८ भारतमंत्री. ज्याच्याविरुद्ध 'सायमन गो बॅक' झालं तो सायमन कमिशन यांनीच नेमला. स्मिथ स्वतः १९१४ पर्यंत अल्स्टरच्या, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या, युनियनिस्टांबरोबर (आयर्लंड ब्रिटनबरोबरच राहावा म्हणणारे) होते, आणि त्या मंडळींनी एप्रिल १९१४ मध्ये हजारो बंदुका जर्मनीहूनच आणून लार्न बंदरात उतरवल्या होत्या. त्यांच्यावर खटला झाला नाही. केसमेंटने शिक्षेपूर्वीच्या भाषणात नेमकं हेच स्मिथना ऐकवलं, की आपल्या दोघांत फरक एवढाच, तुमची वाट लॉर्ड चॅन्सेलरच्या (न्यायखात्यातलं सर्वोच्च पद) गादीकडे जाणारी होती आणि मी निवडली ती आरोपीच्या पिंजऱ्याकडे जाणारी आहे हे मला माहीत होतं. स्मिथ १९१९ मध्ये खरंच लॉर्ड चॅन्सेलर झाले.

जुनी वही

शिरस्तेदार काका, राग कसला. मीही यावर बरेच दिवस अडकले होते. मला उत्तर सापडलं ते असं की त्याने काँगो पाहिल्यावर आयर्लंड नव्याने पाहिलं. त्याने स्वतः एका पत्रात तसं लिहिलंय, की काँगोच्या जंगलात लिओपोल्ड शोधता शोधता मला मी सापडलो, न सुधारणारा आयरिश माणूस. जमीन कोणाची, कोटा कोण ठरवतो, भाषा कोणाची मेली, हे प्रश्न एकदा मंटुम्बाच्या काठावर विचारायला शिकलं की अँट्रिममध्ये गप्प बसणं अवघड. कैद्यांच्या छावणीतलं तुम्ही म्हणता ते मलाही बोचतं, तिथे तुमच्याशी सहमत आहे. मिठाचं मात्र मला वेगळं वाटतं. त्याच्या नोकरीचं काम होतं खरं काय ते लिहून देणं, आणि ते त्याने चोख केलं.

आपल्याकडे बघा ना, टिळकांनी बेळगावला होमरूल लीग काढली ती एप्रिल १९१६ च्या अखेरीस, डब्लिनमध्ये उठाव चालू होता त्याच आठवड्यात. 'होमरूल' शब्दच आयर्लंडचा.

रातराणी

आणि डायऱ्या? त्याबद्दल कोणीच लिहिलं नाही.

जुनी वही

लिहिते. हा सगळ्यात वाईट भाग आहे.

फाशीची शिक्षा झाल्यावर दयेचे अर्ज सुरू झाले, आर्थर कॉनन डॉइल सगळ्यात पुढे, कारण काँगोच्या चळवळीपासून ओळख. बर्नार्ड शॉनेही लिहिलं. कॉनराडने सही केली नाही. त्याच वेळी पोलिसांना केसमेंटच्या ट्रंकेत त्याच्या १९०३, १९१० आणि १९११ च्या खाजगी डायऱ्या सापडल्या होत्या, त्यात पुरुषांशी असलेल्या संबंधांच्या नोंदी. तेव्हा तो गुन्हा होता. स्कॉटलंड यार्डच्या बॅसिल थॉमसन आणि नौदलाच्या गुप्तचर खात्याच्या रेजिनाल्ड हॉल यांनी त्यातली पानं पत्रकारांना, पुढाऱ्यांना, अमेरिकन राजदूताला गुपचूप दाखवली. अर्जावर सह्या करणारे एकेक करून मागे सरले. खटल्यात त्या डायऱ्यांचा उल्लेख नाही, आरोपाशी संबंध नाही, नुसती कुजबुज पसरवून माणसाला एकटं पाडलं.

नंतर अनेक वर्षं आयर्लंडमध्ये लोक म्हणत राहिले की डायऱ्या बनावट आहेत. २००२ मध्ये हस्ताक्षर, शाई, कागद तपासून त्या खऱ्या असल्याचा निष्कर्ष आला, काही जण तोही मानत नाहीत. मला त्या खऱ्याच वाटतात आणि त्याने माझ्या मनातला केसमेंट तसूभरही कमी होत नाही. त्याला लिहून ठेवल्याशिवाय राहवायचंच नाही. किती पैसे खर्च झाले, कोणता पक्षी दिसला, कोणाचा हात तुटलाय, कोण आवडलं, सगळं एकाच वहीत. ज्या सवयीने एपोंडोचं नाव टिकलं त्याच सवयीने दयेचा अर्ज बुडाला.

३ ऑगस्ट १९१६, सकाळी ९ वाजता, लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगात फाशी. 'सर' किताब आधीच काढून घेतलेला. अंगणातच चुना टाकून पुरलं. मोरेलही युद्धविरोधी कामासाठी १९१७ मध्ये ह्याच पेंटनव्हिलमध्ये सहा महिन्यांच्या शिक्षेवर होता.

वऱ्हाडी ठसका

पेंटनव्हिल वाचलं आणि थांबलो. मी अकोल्याचा. आमच्याकडे मदनलाल धिंग्रा चौक आहे, लहानपणापासून तिथून जातो, बस स्टँडच्या बाजूला. धिंग्रांना १७ ऑगस्ट १९०९ ला फाशी झाली ती पेंटनव्हिललाच. उधमसिंगांना ३१ जुलै १९४० ला, तिथेच. म्हणजे तिघं एकाच तुरुंगात, एकाच सरकारने, आणि तिघंही त्याच अंगणात पुरलेले. घरी आणायलाही तसाच वेळ लागला, केसमेंट १९६५, उधमसिंग १९७४, धिंग्रा १९७६. उधमसिंगांचे अवशेष शोधताना धिंग्रांची शवपेटी सापडली होती. चौकातून रोज जाऊनही हे आज कळलं की त्या मातीत शेजारी एक आयरिश कॉन्सल पण होता.

कोकणकडा

वऱ्हाडी, हा प्रतिसाद धाग्याइतकाच मोलाचा आहे. केसमेंटला १९६५ मध्ये कुठे नेलं?

डब्लिनकर

ग्लासनेव्हिन, डब्लिन. १ मार्च १९६५, सरकारी इतमामाने. राष्ट्राध्यक्ष डी व्हलेरा तेव्हा ८२ वर्षांचे, दृष्टी जवळपास गेलेली, आजारी, डॉक्टर नको म्हणत असताना थंडीत येऊन उभे राहिले आणि बोलले. साधी सपाट शिळा आहे, त्यावर नाव आयरिश भाषेत कोरलंय. मी दोनदा गेलोय.

पण त्याची इच्छा तिथली नव्हती. तुरुंगात भेटायला आलेल्या मावसबहिणीला त्याने सांगितलं होतं की मला इथे या भयंकर जागी ठेवू नका, घेऊन जा आणि मर्लो बेच्या जुन्या दफनभूमीत ठेवा. मर्लो बे अँट्रिमच्या किनाऱ्यावर, म्हणजे उत्तर आयर्लंडमध्ये, इंग्रजांच्याच ताब्यात. हॅरॉल्ड विल्सनच्या सरकारने अवशेष दिले ते याच अटीवर की उत्तरेत नेऊन पुरायचे नाहीत.

जुनी वही

डब्लिनकर, पुढच्या वेळी गेलात तर त्या शिळेचा एक फोटो इथे टाकाल का? आणि वऱ्हाडी, तुम्ही चौकाचा टाका. दोन्ही एकाच प्रतिसादात ठेवते.